अठरा पौंड वाफ

मी मूळचा लांज्याचा. आमच्या घराण्यात समुद्रात गुडघ्याच्या वर कुणी भिजलेलं नाही, आणि मी तर साध्या तरीत बसलो तरी काठ येईपर्यंत डोळे मिटून घेणारा माणूस. अशा माणसानं मासेमारीच्या आगबोटीचा खेळ बनवायला घेतला, तेव्हाच कुणीतरी मला आवरायला हवं होतं. पण कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं शाळेत कुणाला कळत नव्हतं, आणि मलाही फारसं कळत नाही हे कुणालाच कळत नव्हतं.

ही १९८६ सालची गोष्ट. सरकारी योजनेतून आमच्या रत्नागिरीच्या शाळेला दोन बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले. मी विज्ञान शिकवायचो, म्हणून मला तीन आठवडे पुण्याला पाठवून प्रोग्रॅम लिहायला शिकवलं आणि परत आल्यावर खोलीची किल्ली माझ्या हवाली केली. त्या खोलीला पडदे होते, नवा पंखा होता, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मुख्याध्यापक तर उंबऱ्यात आले की नकळत हात जोडायचे. मीही त्या देवाचा पुजारी असल्यासारखाच मिरवायचो, खोटं कशाला बोलू. कुणी पाहुणा आला की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: "माणूस चुकेल, हे चुकत नाही."

जानेवारीतलं विज्ञान प्रदर्शन लांज्याला ठरलं. माझ्या गावी, म्हणजे माझ्या भावकीसमोर! काहीतरी दणदणीत न्यायचंच असं मी मनाशी ठरवलं. त्याच सुमारास प्रयोगशाळेचं कपाट आवरताना एक फोटो सापडला. उंच धुराडं, मागे जाळं ओढायचा भलामोठा विंच, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'डोरोथी, १९३८'. शिपाई धोंडू फोटो बघून म्हणाला, "सर, ही तर दुरूती. सरकारनं विलायतेतनं जुनी बोट आणली व्हती, आपल्या दर्यात जाळं ओढून बगायला. दोन वर्सं चालली नि मग मुंबैला नेऊन मोडली. तिच्यावरचा एक म्हातारा अजून हाय मिरकरवाड्यात. रमजान आगवाला."

आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालणारा. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन मिरकरवाड्यात हजर झालो.

रमजानचाचा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. अंगानं वाळलेले, आवाज मात्र ठणठणीत. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. भट्टीनं जाळले ते परत उगवलेच नाहीत, असं त्यांनी हसत सांगितलं. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत चाचा राहायचे, दुसरीत त्यांच्या धाकट्या भावाची विधवा, फातिमाबी. मध्ये एक दार होतं आणि ते सदा उघडं असायचं. चाचांची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. दोन्ही वेळची भाकरी आणि कालवण फातिमाबीच करायच्या आणि ताट त्या दारातून इकडे सरकवायच्या. मी गेलो की चहाही तिथूनच यायचा.

महिनाभर मी जात होतो. चाचांनी मला भट्टी शिकवली. दार उघडायचं, तीन फावडी मारायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्ये, आणि दार लगेच लोटायचं. "दार उगडं ऱ्हायलं की गार हवा आत शिरते नि वाफ खाली पडते," ते म्हणायचे. सांगताना त्यांचे हात आपोआप हलायचे. खराब कोळसा जळून त्याची दगडासारखी खंगर होते, ती सळयांवर साचते आणि आगीला श्वास घेता येत नाही. मग लांब सळई घालून ती ओढून काढावी लागते. त्या कामाला तीन-चार मिनिटं दार उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात वाफ दहा पौंडांनी तरी उतरते. मी सगळं वहीत उतरवून घेत होतो. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मी कॉलेजातही नव्हतो.

भाऊ गेला त्या दिवसाबद्दल मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

नारळी पुनवेनंतरचे दिवस, दर्या अजून शांत व्हायचा होता. बोटीचं जाळं तळाच्या खडकात अडकलं. कप्तानसाहेब जाळ्याची तार कापू देईनात, जाळं विलायतेचं होतं. बोट मागच्या बाजूनं तारेला बांधल्यासारखी झाली आणि लाटा मागूनच चढू लागल्या. विंच फिरवून जाळं सोडवायचं तर शंभर पौंड वाफ हवी, आणि काटा सत्तरवर अडलेला. वरून कोळसा खाली सोडायच्या पन्हळीवर लोखंडी दांड्यानं ठोके पडत होते. दोन ठोके म्हणजे 'वाफ वाढव'. ठोके मारणारा होता सुलेमान, चाचांचा धाकटा भाऊ, वय वर्षं एकोणीस. त्याला बोटीवर नोकरी चाचांनीच लावून दिली होती. लग्नाला तीन महिने झाले होते.

"दोन ठोके. परत दोन ठोके. मी फावडं मारतोय नि काटा जागचा हालत नाय," चाचा म्हणाले. "मग एक मोटी लाट आली, बोट उभीच ऱ्हायली. खाली पडलो, उठलो, परत फावडं घेतलं. वरनं ठोके नाय. मी म्हटलं, बरं झालं, जाळं सुटलं वाटतं."

तार नंतर आपोआपच तुटली. बोट सुलेमानशिवाय बंदराला आली. बोटीवरच्या पारशी इंजिनियरनं चाचांच्या खांद्यावर हात ठेवून एक वाक्य सांगितलं होतं, आणि तेच चाचांनी आईला सांगितलं, सुलेमानच्या बायकोला सांगितलं. आता ते मलाही सांगू लागले, "रमजान, ह्या बॉयलरवर अजून दहा माणसं घातली असती..." तेवढ्यात मधल्या दाराशी बसलेल्या फातिमाबींनी ते वाक्य त्यांच्याबरोबर पुरं केलं, "...तरी वाफ चढली नसती." दोघं एका सुरात बोलले, आणि मग फातिमाबींनी विचारलं, मास्तरांना अजून चहा हवा का.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं वही मिटली असती. मला मात्र वाटलं, हाच तर खेळ!

आठ दिवसांत मी तो लिहून काढला. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात डोरोथी, लाटा, आणि विंचपाशी चार पांढऱ्या ठिपक्यांचा एक माणूस. खालच्या अर्ध्यात भट्टी आणि वाफेचा काटा. लांब बटण दाबलं की फावडं. 'एस' दाबलं की आग साफ. ठोकेसुद्धा घातले होते, टक् टक्. शंभर पौंडांच्या वर काटा नेला की जाळं सुटायचं. नाही नेला, तर लाट यायची आणि ठिपक्यांचा माणूस नाहीसा व्हायचा. चाचांनी सांगितलं तसंच सगळं होतं, त्यामुळे काहीही केलं तरी काटा शंभरला पोचत नसे.

मुख्याध्यापक नऊ वेळा खेळले आणि नऊ वेळा हरले. "अहो, जिंकताच येत नसेल तर खेळणार कोण? आणि बक्षीस देणार कोण?" ते वैतागून म्हणाले. मला पटलं. मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली: आग साफ केली की वाफ आधी दहा पौंड उतरेल, आणि नंतर तीन फावड्यांच्या प्रत्येक फेरीला अठरा पौंडांनी चढेल. अठराच का? सोळा घातले तर बोट थोडक्यात जात होती, वीस घातले तर फार सोपं होत होतं. अठरा बरोबर बसले. त्या आकड्यामागे एवढंच होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मी चाचांना खेळ बघायला बोलावलं. पांढरा धुतलेला लेंगा, डोक्यावर टोपी, अशा थाटात ते रिक्षातून आले. खोलीत शिरल्यावर बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले. "दुरूतीच ही," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला आपण केवढं पुण्य केलं असं वाटलं.

मग त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली, तीन वेळा दाबायचं, थांबायचं, तीन वेळा दाबायचं, थांबायचं. भट्टीचीच लय. काटा सत्तरवर अडला. टक् टक्, टक् टक्. लाट आली. पुन्हा खेळले, पुन्हा तसंच. आग साफ करायचं बटण कोणतं ते मी त्यांना दाखवलं होतं, पण त्याला त्यांनी एकदाही बोट लावलं नाही.

"चाचा, थांबा, मी दाखवतो," मी म्हणालो. खुर्चीवरून त्यांना उठवलं, स्वतः बसलो आणि 'एस' दाबलं. काटा साठावर उतरला, ठोके वाढले, आणि मग फावड्यांच्या दोनच फेऱ्यांत काटा साठावरून शंभरच्या कडेला पोचला. तिसऱ्या फेरीला विंच फिरला, जाळं सुटलं आणि डोरोथी सरळ बंदराकडे निघाली.

चाचांनी पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. "हा सुलेमान?"

"हो."

"वाचला?"

"वाचला की!"

ते पडद्याच्या आणखी जवळ वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी सळई हातात घेतली व्हती, मास्तर. आग साफ करावी असं मनात आलं व्हतं. तेवढ्यात ठोके पडले. म्हटलं, भाव वरनं वाफ मागतोय नि आपण दार उगडून वाफ घालवायची काय? सळई ठेवून दिली." आणि मग म्हणाले, "म्हंजे ठोके पडत असले तरी आदी खंगर काडायची व्हती."

इतकी वर्षं फळ्यापाशी उभं राहून मला एक खोड लागली होती. समोरच्याकडून बरोबर उत्तर आलं की माझा हात आपोआप वर जातो. तो तेव्हाही गेला. "अगदी बरोबर!" मी म्हणालो आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"ह्या मशिनीची चूक नाय व्हत?"

"माणूस चुकेल, चाचा. हे चुकत नाही."

मी हे बोललो, स्वतःच्या तोंडानं. वर आणखी मनात म्हटलं, सळई हातात घेतल्याचा तपशील झकास आहे, खेळात घालायला हवा. आज त्या आठवणीनं जेवता जेवता हात थांबतो.

प्रदर्शनाला आम्ही कॉम्प्युटर एसटीनं नेला. पडद्याच्या डब्याला गोधडीत गुंडाळून खिडकीपाशी बसवलं, आणि कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. लांज्यात झुंबड उडाली. माझ्या चुलत्यांनी बोट वाचवली आणि साऱ्या गावाला सांगत सुटले. दुसरं बक्षीस मिळालं. परत आल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन मी तडक मिरकरवाडा गाठला.

चाचा खाटेवर बसले होते. समोर पावाचा तुकडा आणि काळा चहा. मधलं दार बंद होतं. ते दार बंदही होऊ शकतं हे मला तेव्हाच कळलं.

"बरं नाही का फातिमाचाचींना?" मी विचारलं.

"बरी हाय. मी तिला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"जे खरं हाय ते. सळई ठेवून दिली ते. तिची माफी मागितली. बोललो, तुजा नवरा वाचला असता. मशिनीनं दाकवलं. चुकलं ते माजं चुकलं."

मी पुडा खाटेवर ठेवला. "मग काय म्हणाल्या?"

"काय नाय बोलली. दार लोटून घेतलं. सा दिवस झाले."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि समजावू लागलो. म्हणालो, चाचा, तो आकडा खरा नाही, तो मीच घातलाय. त्यांनी विचारलं, "अठरा कुटनं आले?" माझ्या डोक्यातून, मी म्हणालो. "तुमी कदी भट्टीपाशी हुबे ऱ्हायलाव?" नाही. "मग तुमच्या डोक्यात कसे आले?" मुख्याध्यापक हरून हरून वैतागले म्हणून, हे त्या माणसाला सांगायला माझी जीभ रेटेना. काहीतरी पुटपुटलो. मी त्यांची समजूत काढतोय असंच त्यांना वाटलं असणार. मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "मशीन चुकत नाय, तुमीच बोललाव."

दोन दिवस मी नीट झोपलो नाही. मग मला अक्कल सुचली, म्हणजे तेव्हा ती अक्कल वाटली. अठराच्या जागी मी चार घातले. आता आग साफ करा, नका करू, काटा शंभरला पोचणारच नव्हता. शनिवारी मी स्वतः रिक्षा घेऊन गेलो आणि जवळजवळ ओढूनच चाचांना शाळेत आणलं.

या वेळी खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी 'एस' दाबलं. काटा उतरला. मग फावडी मारायला लागले. काटा चढला, सत्तर, चौऱ्याहत्तर, आणि पुढं जाईना. लाट आली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी आग आधीच साफ केली, मग मध्येही केली. लाट आली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, खरोखर भट्टीपुढे असल्यासारखा.

"बघितलंत?" मी उत्साहानं म्हणालो. "साफ केली तरी नाही! इंजिनियर म्हणाला तेच खरं होतं. दहा माणसं घातली असती तरी..."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. सबंध आयुष्यात माझ्याकडे इतक्या शांतपणे कुणी बघितलेलं नाही.

"मागच्या खेपेला वाचला व्हता, मास्तर," ते म्हणाले. "आज तुमी त्याला बुडवलाव. माज्यासाटी?"

मी मान खाली घातली.

"असं नका करू. व्हतं तसं करा परत. त्याला वाचू दे. माजं मी बगून घेतो."

रिक्षा नको म्हणाले. चालत गेले. मी खिडकीतून बघत होतो, फाटकापाशी एकदा थांबून त्यांनी कंबरेवर हात ठेवला आणि मग पुढे निघाले.

उरली होती एकच गोष्ट, ती मी दुसऱ्या दिवशी दुपारी केली. पुढच्या अंगणातून फातिमाबींच्या दाराशी गेलो. त्या ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसलो आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. मुख्याध्यापक, नऊ वेळा हरणं, सोळा, वीस, अठरा. चाचांच्या पाठीवर मारलेली माझी ती थाप. लांज्याचं बक्षीससुद्धा सांगितलं. त्या तांदूळ निवडतच होत्या.

माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग खरं काय ते? आग साफ केली असती तर वाचला असता, का नसता?"

खोटं बोलायची ती वेळ होती. नसता, एवढंच म्हणायचं होतं. पण खोट्या आकड्यानं मी या घराचं जे केलं होतं ते समोर दिसत असताना दुसरं खोटं माझ्या तोंडून निघेना.

"चाची, ते कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

"आमाला माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. सूप बाजूला ठेवून त्यांनी पदरानं हात पुसले.

"सोळा वर्सांची व्हते मी. आटेचाळीस वर्सं दर्यावर रागवून काडली. दर्याला काय व्हत नाय. तो ऐकून घेतो नि परत हाय तिथंच. आता तुमी रागवायला माला माणूस दिलाव. आणि माजा म्हणावा असा माणूस जगात तेवडाच एक उरलाय."

त्या उठून आत गेल्या. मी पायरीवर तसाच बसून राहिलो. पलीकडच्या खोलीत रमजानचाचा खोकत होते, आणि ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं.